पगारी पितृत्व रजा आणि कलम १८: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका मोहिमेचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचे आहे

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातली एक कामगार संघटना, ठाण्यातला एक महिला गट आणि ऐरोलीच्या कार्यालयांत नोकरी करणारे काही तरुण २०२३ मध्ये एकत्र आले. खासगी नोकरीतल्या कामगारांना राज्याने कायद्याने पगारी कौटुंबिक रजा द्यावी, ही त्यांची मागणी. २०२४ च्या अखेरपर्यंत कायदा झाला नव्हता. एका कारखान्यात करार झाला, एका गोदामाने आपल्या नियमावलीत पाच दिवसांची रजा घातली आणि सोबत आलेल्यांपैकी काही जण नाराज होऊन बाजूला झाले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याची कलमे त्या काळात होती तशीच दिली आहेत. पुढे काय बदलले ते शेवटी येते.

पार्श्वभूमी

सुरुवात एका रजेच्या अर्जावरून झाली. महापे भागातल्या गोदामात स्कॅनिंगचे काम करणाऱ्या कामगाराच्या बायकोचे फेब्रुवारीत सिझेरियन झाले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम १८ प्रमाणे वर्षाला आठ किरकोळ रजा (सीएल) मिळतात, पण त्या तिमाहीप्रमाणे खात्यावर जमा होतात. म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये हातात फक्त दोन. अर्जित रजा वीस दिवसांमागे एक, तीही २४० दिवस भरल्यावर. याची नोकरी सात महिन्यांची होती. तो म्हणाला, ‘साहेब, उरलेले दिवस पुढच्या सीएलमधून कापा.’ सुपरवायझर म्हणाला, ‘सिस्टीम घेत नाही रे. खाडा लागेल.’ खाडा लागला. शिवाय महिन्याचा हजेरी भत्ता गेला, आणि तो कापलेल्या पगारापेक्षाही जास्त झोंबला.

शेजारच्या कारखान्यातली स्थिती आणखी अवघड होती. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये किरकोळ रजा नावाचा प्रकारच नाही. कलम ७९ नुसार अर्जित रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि वर्षात ही रजा तीनपेक्षा जास्त वेळा घेता येत नाही. अर्जाच्या मुदतीतून सूट आहे ती कामगाराच्या स्वतःच्या आजारपणासाठी. बायकोला आठव्या महिन्यात अचानक कळा आल्या तर अशी सूट कलमात कुठेच सापडत नाही.

तुलनेला केंद्र सरकारी कर्मचारी आहेत. त्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येणारी. खासगी नोकरीतल्या बापाला कोणताही कायदा एक दिवसही देत नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचे) विधेयक लोकसभेत मांडले होते. ते पुढे सरकले नाही. संसदेने मंजूर केलेले शेवटचे अशासकीय विधेयक १९७० मधले आहे, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही.

पहिला पेच: मागणी कोणाची

पहिल्याच बैठकीत महिला गटाने हरकत घेतली. प्रसूती लाभ कायद्याचे २६ आठवडे २०१७ पासून कागदावर आहेत. प्रत्यक्षात ठेकेदाराकडच्या पॅकिंगवाल्या बायकांना पाचव्या-सहाव्या महिन्यात ‘आता घरी बस, नंतर बघू’ असे सांगितले जाते. एक जण स्पष्टच बोलली, ‘आमचं हक्काचं अजून मिळत नाही आणि तुम्ही बाप्यांचं काय घेऊन बसलात?’

हरकत रास्त होती. संघटनेने दोन निर्णय घेतले. ठेकेदाराकडच्या दोन महिलांच्या तक्रारी मोहिमेची वाट न बघता लगेच दाखल करायच्या. त्यांना २००० सालच्या दिल्ली महापालिका प्रकरणातल्या निकालाचा आधार होता. रोजंदारीवरच्या महिलांनाही प्रसूती लाभ लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले आहे. दुसरा निर्णय बापाची रजा मागण्याचे कारण मांडण्याबद्दलचा. सगळा भार बाईच्या रजेवर टाकला की छोटा मालक बाईलाच कामावर घ्यायचे टाळतो. भरती करताना तरुण पुरुषही रजेवर जाणारच हे मालकाला धरून चालावे लागले, तर हा फरक थोडा कमी होतो. हा मुद्दा पटल्यावर महिला गट राहिला.

यातल्या एका महिलेची अडचण ईएसआयसीची, म्हणजे वर्गणीच्या बदल्यात आजारपण-बाळंतपणाचे लाभ देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, निघाली. पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत, पगारपत्रकात कपात दिसत होती, पण ठेकेदाराने वर्गणी भरलीच नव्हती. अशा वेळी ठेकेदाराच्या मागे धावण्यात महिने घालवू नयेत. ईएसआय कायद्याच्या कलम ४० नुसार वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे इथे कारखान्याची, असते. कारखान्याला तसे पत्र गेल्यावर थकलेली वर्गणी भरली गेली आणि लाभ सुरू झाला. दुसऱ्या महिलेने मध्येच तक्रार मागे घेतली. तिचा नवरा त्याच ठेकेदाराकडे कामाला होता.

समोर असलेले पर्याय

कामगार कल्याण आणि प्रसूती साहाय्य हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, २४ व्या नोंदीत येतात. राज्य कायदा करू शकते. पण केंद्राच्या कायद्याशी विसंगती झाली तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. मोहिमेतल्या बहुतेकांना हे माहीत नव्हते. पर्यायांची चाळणी खरी इथूनच लागली.

स्वतंत्र राज्य कायदा आणि त्यासाठी निधी, हा पर्याय सगळ्यांना आवडला होता. नमुना डोळ्यांसमोर होता: वाशीच्या बाजार आवारातले माथाडी. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही (मालकाने भरायची ठरावीक टक्के रक्कम) बसवली, ती मंडळाकडे जमा होते आणि रजा, भविष्य निधी वगैरे त्यातून दिले जाते. एखाद्या मालकाकडे एका वर्षात चार बाळंतपणे आली तरी बोजा त्याच्या एकट्यावर पडत नाही. पण नवे मंडळ उभे राहायला वर्षे लागतात. राज्याच्या तिजोरीतून वाटा मागितला तर अनुच्छेद २०७(३) नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक मंजूर होऊ शकत नाही, म्हणजे अशासकीय विधेयकाचा रस्ता तिथेच अडतो. शिवाय जुन्या कार्यकर्त्यांना निधीचीच धास्ती होती. बांधकाम मजुरांच्या उपकराचा पैसा न वापरता पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्दांत सुनावले होते.

खर्च कोणी सोसायचा, हा वाद नवा नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, पण बाईच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो सोसण्यातही गैर नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा कायदा मालकाच्या खर्चाने झाला आणि देशातले पुढचे कायदे बहुतांशी त्याच वाटेने गेले.

दुसरा पर्याय दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कलम १८ मध्ये नवे उपकलम घालण्याचा. कायदा राज्याचा, रजेचे कलम तयार, दंडाची तरतूद तयार, नवे मंडळ नको. केंद्राचा प्रसूती लाभ कायदा बापाबद्दल काहीच बोलत नसल्याने विसंगतीचा प्रश्नही जवळजवळ नाही. कायदेशीरदृष्ट्या हाच सर्वांत सुटसुटीत मार्ग होता.

ईएसआयसीमार्फत लाभ हा तिसरा पर्याय केंद्राच्या हातात असल्याने लगेच सोडला. चौथा, कारखान्यागणिक करार, तेव्हा कोणी गांभीर्याने घेतला नाही.

कलम १८ ची खोच

मसुदा जवळपास झाल्यावर एका वकिलाने विचारले, ‘तुमच्यातले किती जण या कायद्याखाली येतात?’ दुकाने व आस्थापना अधिनियम कारखान्यांना लागू नाही. मोहिमेचा कणा असलेले कारखान्यातले सभासद आणि त्यांच्यासोबतचे ठेका कामगार या दुरुस्तीच्या पूर्णपणे बाहेर राहणार होते. गोदामे, कार्यालये, दुकाने, हॉटेले आत. तीही १० किंवा अधिक कामगार असतील तर. कारखाने अधिनियमात तशीच दुरुस्ती करायची तर केंद्रीय कायद्याला हात घालावा लागतो आणि पुन्हा राष्ट्रपतींच्या संमतीचा रस्ता येतो.

या टप्प्यावर दोन मते पडली. काहींना वाटले, सर्वांना सामावणारा स्वतंत्र कायदाच मागावा, भले वेळ लागो. बाकीच्यांचे म्हणणे, ज्यात कामगार विभाग ‘केंद्राचा विषय आहे’ म्हणून हात झटकू शकणार नाही तेच मागावे. दुसऱ्या मताची सरशी झाली आणि काम दोन वाटांनी विभागले: कार्यालये-गोदामांसाठी कलम १८ ची दुरुस्ती, कारखान्यांसाठी मागणीपत्र आणि करार. आमच्या मते निर्णय बरोबर होता. मात्र तो मसुद्याआधी व्हायला हवा होता, कारण तोवर सह्यांच्या कागदावर ‘सर्व कामगारांना’ असे छापून झाले होते.

हिशेब

मूळ मागणीत दोन रजा होत्या: बापासाठी १५ दिवस, आणि घरातल्या आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी प्रत्येकाला वर्षाला ७ दिवस. आमदाराकडे जाण्याआधी १०० कामगारांच्या काल्पनिक आस्थापनेचा हिशेब मांडला गेला. पगार महिना २४,००० रुपये धरला, २६ दिवसांनी भागला, रोज ९२३ रुपये.

वर्षात चार जण बाप झाले तर ६० दिवस, ५५,३८० रुपये. वर्षाचे वेतनबिल २ कोटी ८८ लाख. म्हणजे ०.१९ टक्के. शुश्रूषा रजा मात्र सगळ्यांनी पूर्ण घेतली तर ७०० दिवस, ६,४६,१०० रुपये, २.२४ टक्के. प्रत्यक्षात सगळे सगळी रजा घेत नाहीत, पण मालक हिशेब कमाल खर्चावरच करतो.

कारखान्याच्या व्यवस्थापनाने प्रतिहिशेब ठेवला. ‘रजेवर गेलेल्याच्या जागी ओव्हरटाइम लावला तर दुप्पट दराने ६० दिवसांचे १,१०,७६० होतात, ते कुठे धरले?’ याचे उत्तर मोहिमेतल्या एका लेखापालाने दिले आणि ते पुढे प्रत्येक बैठकीत कामाला आले. मूल झाले की बाप आजही घरी राहतोच, खाडा लावून. ओव्हरटाइमचा खर्च आजही होतोच. पगारी रजेमुळे वाढणारा खर्च तेवढाच, जेवढा आज त्याच्या पगारातून कापून वाचवला जातो: ५५,३८०. व्यवस्थापन यावर गप्प बसले नाही, पण आकड्यावरून नंतर वाद घातला नाही.

हिशेब पाहून शुश्रूषा रजा पहिल्या मागणीतून काढली. ऐरोलीच्या कार्यालयांतले तरुण याच रजेसाठी आले होते. कोणाचे आईवडील साताऱ्याला, कोणाचे कोल्हापूरला. निर्णय बैठकीत झाला खरा, पण त्यांच्यातला एकच जण हजर होता आणि बाकीच्यांना तो व्हॉट्सअॅपवर कळला. पुढच्या बैठकीला त्यांच्यापैकी निम्मेही आले नाहीत. इंग्रजी टिपणे, सादरीकरण, पत्रकारांशी बोलणे हे सगळे तेच करत होते, त्यामुळे नुकसान मोठे झाले.

मसुद्यातल्या चार ओळी, आणि सव्वा महिना

मसुद्याचा गाभा असा होता: मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या कामगाराला अपत्यजन्म किंवा दत्तक प्रसंगी १५ दिवस पूर्ण पगारी रजा, सलग किंवा दोन तुकड्यांत, जन्माआधी १५ दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत, आणि या रजेमुळे हजेरी भत्ता कापला जाणार नाही. ८० दिवसांची अट प्रसूती लाभ कायद्यातून घेतली, कारण २४० दिवस ठेवले तर ठेकेदार बदलणाऱ्या कामगारांना ती कधीच पुरी करता येत नाही.

सगळ्यांत जास्त ओढाताण सहा महिन्यांवरून झाली. व्यवस्थापनांचे म्हणणे, रजा जन्माच्या आगेमागे पंधरा दिवसांतच घ्या, नाहीतर लोक ती गणपतीला गावी जायला वापरतील. आपल्याकडे मात्र पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. बाई संगमेश्वरला किंवा जव्हारला असते, तिथे आई-मावशी असतात. बाप दोन दिवस जाऊन येतो. त्याची खरी गरज पडते सव्वा महिन्यानंतर, बाळबाळंतीण घणसोलीच्या एका खोलीच्या घरात परत येतात तेव्हा. लसीकरणाच्या खेपा, रात्रीची जागरणे, आणि मदतीला कोणी नाही. पंधरा दिवसांची खिडकी ठेवली असती तर रजा मिळाली असती पण नको त्या वेळी. हा मुद्दा पॅकिंग विभागातल्या बायकांनी मांडला. पुरुषांपैकी कोणाला तो सुचला नव्हता.

पुराव्याच्या ओळीत चूक राहिली. ‘जन्मदाखला सादर केल्यावर’ असे लिहिले गेले. जन्मनोंदणीलाच २१ दिवसांची मुदत असते. जन्म गावाकडे झाला असेल तर दाखला तिथल्या निबंधकाकडून आणावा लागतो. तोवर पगाराची तारीख उलटते आणि रजा बिनपगारी दाखवली जाते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पुरेसे धरावे आणि दाखला नंतर द्यावा, असे लिहायला हवे होते.

काय केले

सह्या रेल्वे स्थानकांबाहेर आणि कारखान्यांच्या गेटवर गोळा झाल्या. कागदावर नाव, सही आणि मोबाइल एवढेच रकाने होते. आमदाराच्या कार्यालयाने पहिलाच प्रश्न केला: यात आमच्या मतदारसंघातले किती? ऐरोली, बेलापूर, ठाणे, कळवा-मुंब्रा असे मतदारसंघ वेगळे करायला रकानाच नव्हता. पुढच्या खेपेला पत्ता आणि पिनकोड घेतला, पण पहिल्या खेपेचे कागद नुसतेच वजनाला राहिले.

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनासाठी तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न द्यायचे ठरले होते. मसुदा आमदाराकडे पोहोचेपर्यंत सूचना देण्याची मुदत गेली होती. अधिवेशनाची तारीख कळली की कामाला लागू, असे म्हणणाऱ्यांचे नेहमी हेच होते; प्रश्न, लक्षवेधी, याचिका यांचे कागद अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी तयार असावे लागतात, आणि याचिकेवर तर आमदाराची प्रतिस्वाक्षरीही लागते. त्यानंतर लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता आली. अशासकीय विधेयकाची सूचना २०२४ च्या पावसाळी अधिवेशनासाठी गेली. ते त्या विधानसभेचे शेवटचे अधिवेशन होते. विधेयक चर्चेला आले नाही आणि विधानसभेबरोबर विषय संपला.

कारखान्याची वाट जास्त फलदायी ठरली. संघटनेने मागणीपत्रात पितृत्व रजा बोनस आणि महागाई भत्त्याच्या जोडीला ठेवली. वाटाघाटी समेट अधिकाऱ्यासमोर (वाद मिटवण्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) नेल्या, कारण औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खालचा करार कारखान्यातल्या सर्व कामगारांना, नंतर लागणाऱ्यांनाही, बांधतो. दोन पक्षांनी आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्यांपुरता राहतो.

निष्पत्ती

करारात १५ ऐवजी ७ दिवस मिळाले. अट ८० ऐवजी २४० दिवसांची, दोन अपत्यांपर्यंत. खिडकी मात्र सहा महिन्यांची राहिली आणि हजेरी भत्ता सुरक्षित झाला. आमच्या मते सात दिवस आणि सहा महिने हे पंधरा दिवस आणि पंधरवड्याच्या खिडकीपेक्षा बरे.

ठेका कामगारांसाठी कारखान्याने ठेकेदारांच्या वर्क ऑर्डरमध्ये कलम घातले: रजा द्या, रक्कम बिलात लावा, आम्ही देऊ. पहिल्याच कामगाराचे पैसे अडकले. ठेकेदाराच्या बिलाच्या नमुन्यात मनुष्यदिवस, ओव्हरटाइम आणि सेवाशुल्क एवढ्याच ओळी होत्या. रजेसाठी ओळ नाही म्हणून लेखा विभागाने बिल परत केले, ठेकेदाराने पैसे नाहीत म्हणून हात वर केले. खरेदी विभागाने बिलाचा नमुना बदलला तेव्हा रक्कम निघाली. करारावर सह्या होतात त्या दिवशीच बिलाचा सुधारित नमुना परिशिष्ट म्हणून जोडून घ्यायला हवा.

गोदामाने दिलेले पाच दिवस हे व्यवस्थापनाचे धोरण आहे, करार नव्हे. ते उद्या काढून घेता येते. तिथे संघटना नाही.

आज काय वेगळे करावे लागेल

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. प्रसूती लाभ कायद्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या, कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आणि अर्जित रजेसाठीची २४० दिवसांची अट १८० वर आली. बापाच्या पगारी रजेबद्दल दोन्ही संहिता गप्प आहेत. राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम संहितांमध्ये विलीन झालेला नाही, त्यामुळे कलम १८ ची वाट अजून खुली आहे. पण २०२५ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर गेली. लहान दुकाने आणि कार्यालये आता त्या दुरुस्तीतूनही सुटतील.

त्यांच्यासाठी लेव्हीचा पर्याय पुन्हा उघडावा लागेल. पाच माणसांच्या दुकानात एकाची पंधरा दिवसांची रजा मालकाला खरोखर जड जाते, आणि ०.१९ टक्क्यांचा हिशेब शंभर माणसांवर विभागला तरच खरा असतो. वेतनाच्या पाव टक्क्याची लेव्ही या मूळ हिशेबाला पुरते, थोडे प्रशासनालाही उरते. पण ती गोळा कोण करणार आणि पाच माणसांच्या दुकानाकडून वसूल कशी करणार, याचे उत्तर मोहिमेकडे नव्हते. ते तयार केल्याशिवाय आमदाराकडे जाण्यात अर्थ नाही.

शुश्रूषा रजेबाबत संघटनेत आता निराळा विचार चालू आहे. प्रत्येकाला सात दिवस न मागता रुग्णालयात दाखल असलेल्या आईवडील, सासूसासरे, जोडीदार किंवा मुलासाठी, डिस्चार्ज कार्डाच्या आधारे, वर्षाला तीन दिवस मागायचे. कमाल हिशेब मग ३०० दिवस, २,७६,९०० रुपये, ०.९६ टक्क्यावर येतो. ऐरोलीच्या तरुणांना हा मसुदा बैठकीआधी पाठवला आहे. कारखान्यातल्या कराराची मुदत संपण्यापूर्वी जे नवे मागणीपत्र द्यायचे आहे, त्यात हे तीन दिवस, १८० दिवसांची अट, डिस्चार्ज कार्डाची ओळ आणि ठेकेदाराच्या बिलाचा नमुना असे चार मुद्दे धरले आहेत. पंधरा दिवसांची मागणी त्यात ठेवायची की दहावर यायचे, यावर अजून एकमत नाही.